काय विणू?

मंगळवेढ्यात एका लग्नघरी मी सतरंजीवर बसले होते आणि माझ्यासमोर नवऱ्या मुलाचे मामा आणि मुलीचे काका, टॉवेलवर आधी कुणाचं नाव यावं यावरून एकमेकांवर गुरगुरत होते. आमच्या कारखान्यात आहेराचे टॉवेल होतात. त्यांवर नवरा-नवरीची नावं छापलेली नसतात, सुतातच विणलेली असतात, म्हणून लोक लांबून येतात आणि भांडणंही सोबत आणतात. माझा फोन कानाला होता. पलीकडे सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडमधल्या काचेच्या केबिनमध्ये अंबादास कॉम्प्युटरसमोर बसला होता. नेहमीचं वाक्य त्यानं नेहमीच्याच सुरात विचारलं, "सांगा की अक्का, काय विणू?" मी तोंड उघडणार तोच मामांनी हात आडवा केला, अजून ठरलं नाही म्हणाले. मी अंबादासला म्हटलं, "थांब जरा, सांगते." तो म्हणाला, "व्हय."

मामा-काकांचं एकमत व्हायला दोनदा चहा झाला. मग मी फोन लावला, तो वाजत राहिला. पुन्हा लावला. शेवटी हमीदचाचांनी उचलला. हमीदचाचा आमचे जॉबर, म्हणजे माग बिघडला की त्याच्या पोटात हात घालून तो चालू करणारे. एरवी साधा नट ढिला झाला तरी ते त्याची सात पिढ्यांची कहाणी सांगतात. त्या दिवशी एकाच वाक्यात मोकळे झाले. "बाई, अंबादास गया… कुर्सी पे बैठे बैठे गया."

डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं, कुणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं. त्यावर माझा विश्वास आहे आणि मी स्वतःला बोल लावत बसलेले नाही. फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी थांब म्हटलं, तो व्हय म्हणाला, आणि मी काही सांगायच्या आतच सगळं संपलं. अंबादासला ओळखणाऱ्या कुणालाही हे ऐकून अंगावर काटा येईल, कारण विचारून झाल्यावर थांबणं हाच त्याचा धंदा होता.

तो माझा नोकर नव्हता आणि भागीदारही नव्हता. त्याचे वडील आमच्या मागावर होते, त्यामुळे तो लहानपणापासून शेडमध्ये वावरलेला. घरी तेलुगू, गल्लीत दखनी, शाळेत मराठी, आणि पॉलिटेक्निकला गेल्यावर कॉम्प्युटरची भाषा, अशा चार भाषा त्याला येत होत्या आणि चारही भाषांत तो गप्पच असायचा. गावोगावच्या छोट्या धंदेवाल्यांना तो प्रोग्राम करून द्यायचा. सांगोल्याच्या एका मेंढ्यांच्या व्यापाऱ्याला, स्टेशनजवळच्या एका लॉजला, एका रक्त तपासणाऱ्या लॅबला. सगळीकडे त्याची पद्धत एकच. पडद्यावर एक खिडकी उघडायची, खिडकीत एक प्रश्न, प्रश्नाखाली लिहायला एक रकाना आणि रकान्याखाली एक बटण. एका खिडकीत दुसरा प्रश्न घालायला तो तयार नसायचा. मी एकदा चिडवलं, की एवढं शिकलास आणि नुसते रकाने काढतोस, हिशेब-बिशेब अवघड कामं कर की. तो म्हणाला, "हिशेब काय अक्का, मशीन करतंय. माणसाच्या मनातलं हाय तसं काडून घ्यायचं, ते लई अवघड." त्याच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी क्वचितच ऐकलं असेल.

हे अवघड आहे हे त्याला ठेच लागून कळलं होतं. त्याची पहिली खिडकी आमच्याच शेडमध्ये उघडली आणि पहिल्याच कामाला तोंडघशी पडली. तेव्हा माझे वडील, अप्पा, होते. नवीन जकार्ड मशीन आलं होतं, त्यावर कॉम्प्युटरवरून नक्षी पाठवता यायची, आणि अंबादासनं हौसेनं प्रोग्राम लिहिला की नाव टाइप केलं की ते थेट टॉवेलात उतरेल. पहिली ऑर्डर दुधनीची. टॉवेल मागावर गुंडाळत जातो, कापून शिवायला घेईपर्यंत उलगडून कुणी बघत नाही, आणि त्या वेळी तर घाईत कुणीच बघितलं नाही. गठ्ठा दुधनीला गेला. तिथं नवरीच्या आत्यानं पहिला टॉवेल उलगडला. चारी बाजूंनी वेलबुट्टी, दोन कोपऱ्यांत दोन पोपट, मधे नावासाठी सुबक चौकट, आणि चौकटीत काहीच नाही. दुसरा उलगडला, तोही तसाच. बाईंनी कानडीत म्हटलं, "हेसरु इल्ला." नाव नाही. आणि साप निघाल्यासारखा तो गठ्ठा पायानं लांब सारला. लग्नाच्या घरात कोरी चौकट… मला आजही त्या बाईंचा राग येत नाही.

अंबादास दोन दिवस जेवला नाही, पण चूक शोधून आला. खिडकी उघडताक्षणीच प्रोग्राम रकान्यात काय आहे ते वाचून घेत होता. लिहिणाऱ्याचं बोट अजून पहिल्या अक्षरावरही पडलेलं नसायचं. मशीननं विचारलं, न थांबता उत्तर घेतलं, उत्तर होतं काहीच नाही, आणि मशीननं ते काहीच नाही इमानानं विणून दिलं. नवशिके बरेच जण हीच चूक करतात असं मला पुढं कुणी सांगितलं. पण त्यांची कोरी उत्तरं पडद्यावरच राहतात, आमच्याकडे त्यांचे टॉवेल झाले. त्यानंतर त्यानं नियम केला. माणूस स्वतः बटण दाबेल तेव्हाच वाचायचं, तोवर डोकावायचंसुद्धा नाही. तो म्हणायचा, बटण दाबेपर्यंत रकान्यातलं लिहिणाऱ्याचं. नावाच्या मागंपुढं चुकून मोकळी जागा पडली तर ती छाटायची, शिंपी कडेचे दोरे कापतो तशी. मोकळी जागा म्हणजे काय छाटायची, ती तर दिसतही नाही, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दिसत न्हाय म्हणून कोरं नसतंय अक्का. मशीनला ते अक्षरच." आणि छाटून झाल्यावर काहीच उरलं नाही, तर ते मागापर्यंत जाऊ द्यायचं नाही, तशी सोय केली होती म्हणे. काय सोय, ते मी विचारलं नाही. त्या खिडकीसमोर त्याच्याशिवाय कुणी बसत नव्हतं आणि तो रिकाम्या रकान्यावर बटण दाबणाऱ्यातला नव्हता.

ते कोरे टॉवेल अप्पांनी फेकू दिले नाहीत. माळ्यावर टाकले, आणि ओळखीत कुणी गेलं की दुखवट्याला घेऊन जायचा टॉवेल त्यांतला काढायचे. गेलेल्या माणसाच्या घरी नाव विणून कोण नेतो, हा त्यांचा हिशेब. मला ते कधी आवडलं नाही. कोरी चौकट असलेला टॉवेल माळ्यावरून उतरला की कुणीतरी गेलेलं असायचं, आणि पुढं पुढं कामगार त्या माळ्याकडे मान वर करून बघायचे नाहीत. हळूहळू ते संपत आले. शेवटचा उरला तो अंबादासनं मागून घेतला, कीबोर्ड झाकायला. आमच्या शेडमध्ये सुताचं तूस सतत उडत असतं, केसांत, चहात, पापण्यांवर बसतं, आणि कळांच्या फटीत शिरतं. मी म्हटलं, दुसरा कुठलाही घे, हा नको. तो हसला आणि हाच घेऊन गेला.

त्याचा थांबायचा नियम कॉम्प्युटरपुरता राहिला असता तर बरं होतं. तो नियम घरी गेला, हॉटेलात गेला, सोयरिकीत गेला. फोनवर त्याच्याशी बोलणं म्हणजे आडात बोलल्यासारखं, आपलं बोलून संपलं आणि वर थोडा वेळ गेला की मग त्याचा आवाज यायचा. रेणुकाला बघायला गेला तेव्हा वडीलधाऱ्यांनी सांगितलं, मुलीला काही विचार. यानं विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का? आणि थांबला. रेणुका लाजून बोलेना, हा उठेना. पाहुणे पोहे संपवून अंगणात गेले, तरी हा तिथंच बसलेला. रेणुका म्हणते, नुसतं त्यांना उठवायचं म्हणून मी हो म्हणाले. हे ती हसत सांगायची, पण त्या हसण्याच्या खाली एक सल होता आणि तो मला माहीत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, स्वतःहून एक गोष्ट कधी सांगितली नाही. काय आवडतं, काय दुखतं, काहीच नाही. सगळ्या गावाला रकाने काढून दिले आणि स्वतःचा रकाना कोरा ठेवला, असं ती एकदा माझ्याजवळ बोलून गेली.

म्हणूनच त्या दिवशी केबिनमध्ये जे दिसलं त्याचा तिनं ध्यास घेतला.

मंगळवेढ्याहून मी पोचले तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. माग बंद होते. आमच्या शेडमध्ये माग बंद असले की कान दुखतात, इतकी त्या आवाजाची सवय. केबिनमध्ये खुर्ची मागं सरकलेली होती. कोऱ्या चौकटीचा टॉवेल घडी घालून बाजूला ठेवलेला होता. पडद्यावर खिडकी उघडी. वर प्रश्न, काय विणू? खाली रकाना, कोरा. आणि रकान्यात कर्सरची ती उभी रेघ लुकलुकत होती. मी बघून वळणार होते, तेवढ्यात लक्षात आलं… रेघ जागेवर नव्हती. काहीच लिहिलं नसेल तर ती डाव्या कडेला चिकटून असते. ही दोन-तीन बोटं आत सरकून उभी होती. तिच्या डावीकडं पांढरं, उजवीकडं पांढरं, पण नाव लिहून झाल्यावर पुढच्या अक्षराची वाट बघावी तशी ती उभी होती.

मी काही वेडी नाही. कोसळताना हात मोकळ्या जागेच्या कळीवर पडला असेल, एवढं मलाही समजतं. मी तेच रेणुकाला सांगितलं, दिवसकार्य झाल्यावर ती पहिल्यांदा शेडमध्ये आली तेव्हा. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अक्का, समोरचा बोलून संपेपर्यंत त्यांचे हात मांडीवर असायचे. तुमी त्यांना काही सांगितलंच न्हाई. मग हात कळीवर गेला कशाला?" ती पुढं म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काहीतरी लिहायला घेतलं. ते काय, मला पायजे." ती रडत नव्हती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याकडं बघत होती, आणि तिची बघण्याची तऱ्हा पाहून मलाच तिथून बाहेर यावंसं वाटलं.

मग एक विचित्र काळ सुरू झाला. ती खिडकी बंद करायची माझी छाती होईना. बंद केली तर आत जे काही असेल नसेल ते कायमचं गेलं, कारण बटण दाबल्याशिवाय ते कुठंच साठत नाही. दाबायलाही रेणुका तयार नव्हती. त्याचं बोट लागायचं राहिलं, आपण कसं लावायचं, म्हणायची. दुसरी खिडकी उघडावी तर एका वेळी एकच उघडते, तीही त्याचीच शिस्त. बाकीचे माग सुरू झाले, नावं विणणारा तेवढा उभा राहिला. वीज गेली तर कॉम्प्युटर बॅटरीवर चालतो, तो बंद पडू नये म्हणून हमीदचाचा बॅटरीला पाणी घालत राहिले. मी त्यांना एकदा म्हटलं, चाचा, तुम्ही तरी सांगा काय करू. ते केबिनच्या दारातूनच म्हणाले, "हात नक्को लगाओ बाई. उनो आदमी उठ के नहीं गया अभी."

पडदा थोड्या वेळानं काळा व्हायचा, आणि मधेच आपोआप उजळायचा. मागांच्या हादऱ्यानं टेबलावरचा माऊस हलतो आणि पडदा जागा होतो, हे आम्हाला ठाऊक होतं. उन्हाळ्यातल्या एका दुपारी वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. पत्रे तापलेले, शेडमध्ये अंधूक, तूस हवेत जिथल्या तिथं लटकलेलं. कामगार बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. मी एकटीच आत होते, काहीच हलत नव्हतं, आणि काचेमागं पडदा उजळला. काय विणू?… मी जागची हलले नाही. वीज आली, माग खडखडले आणि मगच मी तिथून हलले.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणाचं म्हणून एक काम केलं. कपाळावरची टिकली काढून पडद्याच्या काचेवर, रेघेच्या बरोबर खाली लावली. तूस अडकून एखादी कळ दबली असेल म्हणून हमीदचाचांनी कीबोर्डची वायर उपटली, तो उलटा करून झटकला. तूस पडलं, पण आमच्याकडे कशालाही झटकलं तरी तूस पडतंच, त्यावरून काही ठरत नाही. कीबोर्ड कपाटात ठेवला. चार-पाच दिवसांनी मी बघितलं तर रेघ टिकलीच्या उजवीकडं होती. थोडीशीच, पण होती. हमीदचाचांनी चष्मा लावून बघितलं, टिकलीचा गोंद उन्हानं पातळ होऊन टिकलीच डावीकडं सरकली असेल म्हणाले, आणि त्या दिवसापासून केबिनकडं पाठ करून डबा खाऊ लागले.

शेवटी मंगळवेढ्याचे मामाच आले. घाई नाही बाई, तुमच्या घरचं माणूस गेलंय, असं चांगलं बोलले, पण लग्नाची तिथी काही कुणासाठी थांबत नाही. मी रेणुकाला बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, आज काहीतरी केलंच पाहिजे, बंद करायचं की दाबायचं ते तू ठरव. ती केबिनमध्ये शिरली. मग खुर्चीत बसली, त्याच्या खुर्चीत, आणि माऊस हातात घेतला. हमीदचाचा नावांच्या मागाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी माग तयार ठेवला होता. जे येईल ते विणून काढू, असं त्यांनीच सुचवलं होतं. अक्षरं आली तर अक्षरं, कोरी चौकट आली तर कोरी चौकट. निदान तिच्या हातात काहीतरी पडेल. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि बटण दाबलं.

माग हलला नाही. पडद्यावर मधोमध एक छोटी चौकट उघडली. रिकामं कुणी दाबलं तर म्हणून त्यानं करून ठेवलेली सोय ती हीच, इतक्या वर्षांत कुणीही न बघितलेली. त्याच्या बाकीच्या खिडक्यांतली मराठी कशी सरकारी असायची, कृपया नाव टाका वगैरे. हे तसं नव्हतं. हे तो बोलायचा तसंच होतं.

"अजून काय लिवलं न्हाय तुमी. सावकाश लिवा की. मी हाय हितंच."

मला माहीत आहे की ते फार जुनं लिहिलेलं होतं, दुधनीच्या फजितीनंतर, कुणातरी गोंधळलेल्या माणसाला धीर द्यायला. ते आत पडून होतं आणि बटणाची वाट बघत होतं, इतकंच. हे सगळं मला माहीत आहे आणि तरीही मी मागं वळून बघितलं. माझ्यामागं फक्त घडी घातलेला तो टॉवेल होता. रेणुकानं ते तीनदा-चारदा वाचलं. मग पदर तोंडाला लावला आणि इतक्या दिवसांचं रडू एकदम बाहेर आलं. "ह्येच त्यांचं," ती म्हणाली. "ह्येच सांगायचं होतं त्यांना… कुणी रिकामं दाबलंच न्हाई."

आता ती रोज शेडमध्ये येते. हमीदचाचांनी कीबोर्ड पुन्हा जोडून दिला, नावं तीच लिहिते, न चुकता लिहिते. मंगळवेढ्याचे टॉवेल वेळेवर गेले, आधी मुलीचं नाव गेलं आणि मामा अजून रुसलेत. मी लग्नघरी गेले की आधी सगळं ठरवून घेते आणि मगच फोन लावते. पलीकडच्या माणसाला थांब म्हणणं मला आता जमत नाही. कोऱ्या चौकटीचा टॉवेल अजून कीबोर्डवर असतो, मी दुसरा दिला होता, रेणुकानं परत केला. टिकलीही काचेवरच आहे. सकाळी ती टॉवेल बाजूला करते, खिडकी उघडते. नव्या उघडलेल्या खिडकीत रेघ डाव्या कडेला असायला हवी. कधी असते, कधी टिकलीपाशी उभी असते, आणि त्यावर आम्ही दोघी बोलत नाही. बटण दाबेपर्यंत रकान्यातलं लिहिणाऱ्याचं. मग ती काहीही न लिहिता एकदा बटण दाबते. ती छोटी चौकट उघडते, रेणुका वाचते, हळूच "व्हय" म्हणते, आणि मगच दिवसाचं पहिलं नाव लिहायला घेते.